नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

सकाळी मोबाइल उघडला की तो फोटो असतोच. मंत्रालयातले दालन, मागे शिवछत्रपतींची तसबीर, टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि कुणीतरी आणलेला पुष्पगुच्छ. मध्ये मंत्री, शेजारी आपले आमदार, दोघांच्या हातात एकच कागद. कागदाचे उरलेले कोपरे कार्यकर्त्यांनी धरलेले. कागदाकडे कुणीच बघत नाही, सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. खाली मजकूर असतो: मतदारसंघातील विविध प्रलंबित प्रश्नांबाबत मा. मंत्री महोदयांची भेट घेऊन निवेदन दिले, मंत्री महोदयांनी सकारात्मक प्रतिसाद दिला. त्याखाली जोडलेले हात आणि 'कामाचा माणूस' अशा प्रतिक्रियांची रीघ.

हा 'सकारात्मक' शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात होकार नसतो, तारीख नसते, रक्कम नसते. मंत्र्याने नकार दिला नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि दालनात भेटायला आलेल्या आमदाराला तोंडावर नकार देणारा मंत्री मी तरी पाहिलेला नाही.

फोटोतल्या आमदारावर माझा राग नाही. तो पहाटेच्या गाडीने मुंबईला गेलेला असतो, तीन मजले चढून-उतरून त्याने पाच खात्यांचे दरवाजे वाजवलेले असतात. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या माणसाला आपण मंत्र्याला जाब विचारण्यासाठी निवडून दिले, तो मंत्र्याकडे अर्ज घेऊन जातो, आणि त्या अर्जालाच आपण सगळे 'प्रश्न मांडला' असे म्हणू लागलो आहोत. प्रश्न मांडणे आणि निवेदन देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत मंत्री उत्तर द्यायला बांधलेला असतो. दुसरीत तो उपकार करायला मोकळा असतो.

गावात लिहिता येणारा माणूस म्हणून निवेदनांचे मसुदे अधूनमधून माझ्याकडे येतात. आमच्या ओढ्यावर एक फरशी पूल आहे. जोराचा पाऊस झाला की पाणी फरशीवरून जाते, पलीकडच्या वस्तीवरची पोरे त्या दिवशी शाळेला येत नाहीत आणि दुधाचे कॅन अलीकडे पोचत नाहीत. या एका पुलासाठी मी चार वर्षांत तीन निवेदने लिहिली. 'उपरोक्त विषयान्वये' आणि 'तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करून' हे शब्द आता माझे बोट आपोआप टाइप करते. आमदारांच्या लेटरहेडवर तो मजकूर उतरला, तिन्ही वेळा मुंबईला गेला, तिन्ही वेळा फोटो आला.

त्या कागदाचे पुढे काय होते हे एकदा नीट पाहावे. मंत्री त्यावर समासात तिरका शेरा मारतात. 'तपासून सादर करावे' हा सगळ्यांत प्रचलित. 'नियमानुसार कार्यवाही करावी' हा जरा सावध. 'तात्काळ' हा शब्द दिसला की आमदारांचे स्वीय सहायक खूश होतात, पण खात्यातल्या जुन्या लोकांना ठाऊक असते की रोज शेकड्याने तात्काळ येतात. मग कागद मंत्री कार्यालयातून सचिवांकडे, तिथून उपसचिवांकडे, तिथून कार्यासनावर, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या टेबलावर, जातो. कार्यासनावरचा अधिकारी हा पूल कधी पाहणार? तो अहवाल मागवतो. कागद मुख्य अभियंत्यांकडे, तिथून मंडळाकडे, विभागाकडे, उपविभागाकडे आणि शेवटी शाखा अभियंत्याच्या टेबलावर. म्हणजे ज्या टेबलापासून आमचा ओढा बारा किलोमीटरवर आहे, तिथे पोचायला मागणीला मुंबईची वारी करावी लागते. वर हा ओढा ग्रामीण मार्गावर आहे. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकामकडे, ही वाटणी शाळेत शिकवत नाहीत. आमची पहिली दोन निवेदने चुकीच्या खात्याच्या मंत्र्याला दिलेली होती. त्यांनीही सकारात्मकच प्रतिसाद दिला होता.

वास्तविक राज्यात २००५ चा एक कायदा आहे. बदल्यांचा कायदा म्हणून तो ओळखला जातो, पण त्याचा दुसरा अर्धा भाग दप्तरदिरंगाईविषयी आहे, आणि साधारणतः कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांहून जास्त पडून राहू नये असे तो सांगतो. निवेदन मात्र फाईल होण्याआधी टपाल असते, आणि टपालाला वय नसते.

आता दुसरी वाट पाहू. विधानसभेत तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, प्रश्न विचारायचा एक ठरलेला साचा आहे. इतका ठरलेला की पहिल्यांदा वाचणाऱ्याला हसू यावे. अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अशी सुरुवात. मग अमुक गावच्या पुलावरून दर पावसाळ्यात पाणी जाऊन वाहतूक बंद पडते, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? आणि शेवटी तो घरंदाज उपप्रश्न: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

हे शेवटचे वाक्य मला मराठीतल्या सर्वांत लोकशाहीवादी वाक्यांपैकी एक वाटते. यात विनंती नाही, मेहेरबानी नाही, सहानुभूतीची याचना नाही. काम झाले नाही हे गृहीत धरून का झाले नाही ते सांगा, असे हे वाक्य सरकारला म्हणते. निवेदनात या वाक्याला जागाच नसते. 'विलंबाची कारणे कळवावीत' असे निवेदनात लिहिले तर आमदारांचे सहायक खोडतात. साहेबांना आवडणार नाही म्हणतात.

यावर येणारी उत्तरेही साचेबंद असतात हे मला मान्य आहे. 'हे खरे नाही.' 'अंशतः खरे आहे.' 'बाब तपासण्यात येत आहे.' आणि सगळ्यांवर कडी म्हणजे 'प्रश्न उद्भवत नाही.' बाहेर पोरे ओढ्याच्या काठावर दप्तर घेऊन उभी आहेत आणि आत प्रश्न उद्भवत नाही! पण हे उत्तरसुद्धा छापले जाते. त्यावर मंत्र्याचे नाव असते, तारीख असते, आणि ते उद्या कुणालाही काढून दाखवता येते. सभागृहात मंत्र्याने तोंडी आश्वासन दिले तर ते आश्वासन समितीच्या वहीत जाते आणि त्याची पूर्तता ९० दिवसांत व्हावी असा दंडक आहे. पाळला जातो किती हा भाग निराळा. निदान मोडला असे म्हणायला दंडक तरी आहे. सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली तर मंत्र्यावर हक्कभंगाची सूचना येऊ शकते. दालनात चहा पिताना दिलेला शब्द मोडला तर काय येते? पुढच्या भेटीचा चहा.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४(२) मध्ये मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असल्याचे म्हटले आहे. जबाबदार आमदाराला नाही, विधानसभेला. आमदार एकटा दालनात शिरला की तो त्या जबाबदारीच्या कक्षेबाहेर पडतो आणि साधा भेटायला आलेला माणूस होतो, फार तर रांगेशिवाय आत सोडला जाणारा. ५ जुलै २०२१ रोजी विधानसभेने १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केले होते. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि त्यामागचा एक मुद्दा आपल्या विषयाशी थेट भिडणारा आहे: इतक्या लांब निलंबनाने शिक्षा आमदारापेक्षा त्याच्या मतदारसंघालाच होते, कारण तो सभागृहात प्रतिनिधीविना राहतो. त्या काळात ते १२ जण मंत्रालयात जाऊ शकत होते, निवेदने देऊ शकत होते, फोटो काढू शकत होते. तरीही न्यायालयाने मतदारसंघ मुका झाला असे मानले. मतदारसंघाचा आवाज कुठे उमटतो हे त्यावरून कळावे.

मग आमदार निवेदनाचीच वाट का धरतात? त्यांना दोष देण्याआधी त्यांची बाजू ऐकली पाहिजे, कारण ती खोटी नाही.

पहिली गोष्ट, सभागृह भरते किती? प्रश्नोत्तराचा तास असतो एकच, त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके प्रश्न चर्चेला येतात, आणि सदस्य आहेत २८८. एकाच प्रश्नाखाली पंधरा-वीस आमदारांची नावे छापलेली दिसतात ती त्यामुळेच. त्यातल्या काहींना आपले नाव आहे हे यादी पाहूनच कळत असावे. करोनाच्या काळात अधिवेशने दोन-दोन दिवसांत गुंडाळली गेली. त्याहून नमुनेदार गोष्ट डिसेंबर २०२४ ची. नागपुरात १५ तारखेला ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला, दुसऱ्या दिवशी हिवाळी अधिवेशन सुरू झाले, २१ तारखेला संपले, आणि खातेवाटप झाले ते अधिवेशन संपल्यावर. आठवडाभर सभागृहात मंत्री होते, पण कोणत्या खात्याचा कोण हे कुणालाच ठाऊक नव्हते. ओढ्यावरच्या पुलाचा प्रश्न विचारायचा तरी कुणाला? त्या काळात पुष्पगुच्छ मात्र प्रत्येकाला देता येत होते आणि दिलेही गेले.

लक्षवेधी सूचना हे दुसरे आयुध. नियम १०५ खाली तातडीच्या, सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे मंत्र्याचे लक्ष वेधायचे. पण ती पुकारली जाते तेव्हा संबंधित मंत्री सभागृहात नसतात आणि सूचना राखून ठेवावी लागते, हे दृश्य आता इतके सवयीचे झाले आहे की अध्यक्षांनी मंत्र्यांना सुनावल्याच्या बातमीलाही कुणी थांबून वाचत नाही.

सत्ताधारी आमदाराची अडचण आणखी अवघड. आपल्याच सरकारला 'विलंबाची कारणे' विचारायची म्हणजे आपल्याच नेत्याला अडचणीत आणायचे. पक्षांतरबंदी कायद्याने प्रश्न विचारायला बंदी नाही, पक्षादेशाचा संबंध मतदानाशी आहे. पण तिकीट पक्ष देतो, निधी मंत्री देतात आणि मंत्रिपदे, १५ टक्क्यांच्या मर्यादेमुळे, जास्तीत जास्त ४३ आहेत. उरलेल्यांपैकी कितीतरी जण उद्याचे उमेदवार असतात. अशा माणसाने पूल मागताना आवाज हळूच ठेवायचा, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. विरोधी बाजूकडे पाहावे तर २०२४ च्या निवडणुकीनंतर विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदच रिकामे राहिले.

आणि निवेदनाने कामे होतात, हेही खरे. मंत्री ओळखीचा असेल, आमदार त्याच्या गटाचा असेल, तर कागद टपाल न होता हातोहात पुढे जातो. ग्रामविकास खात्याचे २५१५ हे लेखाशीर्ष खेड्यापाड्यांत 'पंचवीस-पंधरा' म्हणून ओळखले जाते. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामे त्यातून होतात. सभामंडप, काँक्रीटचा रस्ता, स्मशानभूमीचे शेड, पेव्हर ब्लॉक. सरपंच अभिमानाने सांगतो, 'साहेबांनी पंचवीस-पंधरातून दहा लाख आणले.' या 'आणले' शब्दात सगळे आले. राज्याच्या तिजोरीतला पैसा, ज्यात त्या सरपंचाच्या काडेपेटीवरचा करसुद्धा आहे, तो कुणीतरी कुठूनतरी आणतो. शिकार करून आणावी तसा. मग कामाच्या जागी संगमरवरी पाटी लागते: अमुक यांच्या विशेष प्रयत्नातून. पाटी अनेकदा रस्त्यापेक्षा टिकाऊ निघते.

माझा खरा आक्षेप इथे आहे. निवेदनाने काम होते तेव्हा ते अधिक धोक्याचे असते. न झालेले निवेदन निदान राग तरी शिल्लक ठेवते. झालेले निवेदन शिकवते की पूल हा हक्क नसून ओळखीचा मामला आहे. शेजारच्या तालुक्यातला आमदार चुकीच्या गटात असेल तर तिथल्या ओढ्याला पूल नाही, तिथली पोरे शाळेला आली नाहीत तरी चालतील. सरकार बदलले की आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या कामांना स्थगिती देण्याची रीत आपल्याकडे पडली आहे. जुलै २०२२ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर दिसली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. काम गरजेवर मंजूर झाले असते तर सरकार बदलल्याने गरज कशी बदलली असती? ते कुणाच्या तरी शब्दावर मंजूर झाले होते, म्हणून दुसऱ्या कुणाच्या शब्दावर थांबले.

आमदारांचा स्वतःचा स्थानिक विकास निधी मार्च २०२२ मध्ये वर्षाला पाच कोटी झाला. त्याच्या दोन वर्षे आधीपर्यंत तो दोन कोटी होता. तीनदा वाढ झाली आणि तिन्ही वेळा सभागृहात बाके वाजली. सत्ताधारी-विरोधक असा भेद मला तरी ऐकू आला नाही. निधी वाढला तशी आमदाराची ओळख बदलली. तो कायदे करणाऱ्या आणि सरकारवर नजर ठेवणाऱ्या सभागृहाचा सदस्य कमी आणि मतदारसंघाचा मुख्य कंत्राटदार जास्त वाटू लागला. लोकही त्याला तसेच मोजतात. 'बोलतो चांगला, पण काम काय केले?' हा प्रश्न मी पारावर असंख्य वेळा ऐकला आहे, आणि सभागृहात बोलणे हेच त्याचे काम आहे असे म्हणणाऱ्याकडे लोक दयेने पाहतात.

गटारीच्या झाकणासाठी आमदाराकडे जायची पाळी का येते, यालाही ताजे कारण आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षे देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका प्रशासकाच्या हाती होती. काही शहरांत तर २०२० पासूनच नगरसेवक नव्हते. बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचीही तीच गत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फटकारल्यावर चाके हलली. या काळात पाण्याची पाइपलाइन फुटली की माणूस जाणार कुणाकडे? आमदाराकडे. आणि आमदार जाणार कुणाकडे? मंत्र्याकडे, हातात कागद घेऊन. पंचायती आणि नगरपालिकांना घटनेत स्थान देणाऱ्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने जे प्रश्न गावातच सुटावेत अशी सोय केली होती, ते मंत्रालयाच्या लिफ्टमध्ये गर्दी करू लागले.

निवेदनाच्या वाटेची मर्यादा एका दिवशी सगळ्या राज्याने टीव्हीवर पाहिली. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी लोकप्रतिनिधींनी मंत्रालयाच्या वरच्या मजल्यावरून खालच्या संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी क्षेत्रातली रखडलेली नोकरभरती आणि अनुसूचित जमातींच्या आरक्षणात धनगर समाजाच्या समावेशाला विरोध, हे त्यांचे मुद्दे होते. ते मुद्दे बरोबर की चूक हा वेगळा वाद. पण चित्र पाहा. ज्या सभागृहाला मंत्रिमंडळ जबाबदार आहे त्या सभागृहाचा उपाध्यक्ष, तोही सत्ताधारी आघाडीतला, सरकारपर्यंत म्हणणे पोचवण्यासाठी जाळीवर उडी घेतो. ती जाळी बसवली होती २०१८ मध्ये. त्या वर्षी भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकलेल्या धुळे जिल्ह्यातल्या वृद्ध शेतकऱ्याने मंत्रालयात विष घेतले होते, आणि त्यानंतर तिथे माणसे जीव देऊ पाहू लागली म्हणून. अर्जदारांसाठी लावलेल्या जाळीत आमदार पडला, म्हणजे तोही अर्जदारच झाला होता.

सरकारने यावर काय केले? नोव्हेंबर २०२५ मध्ये शासनाने परिपत्रकी भाषेत सांगितले की आमदार-खासदार कार्यालयात आले तर अधिकाऱ्याने उठून उभे राहावे, सौजन्याने ऐकावे, फोनवर नम्रपणे बोलावे, आणि त्यांच्या पत्रांची स्वतंत्र नोंदवही ठेवून दोन महिन्यांत उत्तर द्यावे. बातम्यांत आणि विनोदांत उभे राहण्याचाच भाग गाजला. मला त्यातली नोंदवही महत्त्वाची वाटते. ही वही कार्यालयाच्या कपाटात न ठेवता लोकांसमोर ठेवली तर? कोणत्या आमदाराने कोणत्या तारखेला कोणत्या गावासाठी काय मागितले, मंत्र्याने कोणता शेरा मारला, कागद आज कुणाच्या टेबलावर आहे, दोन महिन्यांत काय उत्तर गेले. पार्सल कुठवर आले हे पोराटोरांना फोनवर दिसते, मग निवेदन कुठवर आले हे दिसायला काय हरकत आहे? हरकत एकच: मग फोटोला अर्थ उरणार नाही.

जुन्या आमदारांची नावे घेतली की लोक 'ते दिवस गेले' म्हणतात. मी ती नावे आदर्श म्हणून घेत नाही, पद्धत म्हणून घेतो. सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख जवळजवळ सगळी हयात विरोधी बाकांवर बसले. म्हणजे दालनातली ओळख त्यांना फारशी उपयोगाची नव्हती. त्यांचा तालुका दुष्काळी, मागणी पाण्याची. पण ती मागणी सांगोल्यापुरती राहिली नाही. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेले ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आणि त्यातला दुष्काळी तालुक्यांचा वाटा, असा त्यांनी आणि नागनाथअण्णा नायकवडींनी तो हिशेब मांडला. आटपाडीच्या पाणी परिषदांत तेरा तालुक्यांची माणसे एकत्र बसली, आणि जे परिषदेत ठरे ते सभागृहात बोलले जाई. टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी यायला पिढी गेली. पण आले ते कुणा एका साहेबाने 'आणलेले' नव्हते, म्हणून सरकार बदलल्यावर ते परत गेले नाही.

मृणाल गोरे 'पाणीवाली बाई' झाल्या त्या गोरेगावच्या नळांवरून. नगरसेविका असताना, मग १९७२ पासून आमदार असताना. त्यांच्यासोबत हंडे-कळश्या घेतलेल्या बाया असत, आणि त्या बायांना आपण काय मागतो आहोत हे ठाऊक असे. विधान परिषदेत अमरावतीचे बी. टी. देशमुख वर्षानुवर्षे विदर्भाच्या सिंचन अनुशेषाचे आकडे मांडत राहिले. एखाद्या धरणाची विनंती करण्याऐवजी वाटपाचेच सूत्र मागायचे, ही त्यांची तऱ्हा. वि. स. पागे तर विधान परिषदेचे सभापती. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी हाताला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला, १९७२ च्या दुष्काळात तो विचार राज्यभर कामी आला आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. विसापूरची गरज विसापूरपुरती ठेवली असती तर तिथे एखादा पाझर तलाव झाला असता, आणि त्यावर पाटी.

स्थानिक प्रश्न लहान नसतो. आमच्या पुलासारखे किती फरशी पूल या जिल्ह्यात पाण्याखाली जातात, त्यांची यादी कुणाकडे आहे, कोणत्या क्रमाने ते उंच व्हायचे आहेत, हे विचारले की ओढा एकदम राज्याचा होतो. निवेदन नेमके हेच होऊ देत नाही. ते प्रत्येक ओढ्याला सुटा ठेवते.

आमच्याकडे मागच्या वर्षी थोडी वेगळी गोष्ट घडली. चौथे निवेदन लिहायची वेळ आली तेव्हा वस्तीवरच्या एका बाईने, जिची मुलगी सातवीला आहे, सरळ विचारले, 'मास्तर, कागद देऊन मिळतंय काय? इचारायचं कुठं असतंय?' मी मास्तर नाही, पण ते असो. आम्ही निवेदनाऐवजी चार उपप्रश्नांचा तारांकित प्रश्न लिहून आमदारांच्या कार्यालयात दिला. सहायक कुरकुरले. आमदारांनी मात्र सही केली. त्यांना बरेच वर्षांत कुणी असे काही मागितले नसावे. प्रश्न चर्चेला आला नाही, येईल अशी अपेक्षाही नव्हती. पण यादीत उत्तर छापून आले. हे अंशतः खरे आहे. सदर पुलाच्या कामाचा कोणताही प्रस्ताव क्षेत्रीय कार्यालयाकडून शासनास प्राप्त झालेला नाही. प्रश्न उद्भवत नाही.

तीन निवेदने, तीन सकारात्मक प्रतिसाद, आणि प्रस्तावच झालेला नव्हता! चार वर्षे आम्ही मुंबईकडे डोळे लावून बसलो होतो आणि प्रस्तावाचा कागद तालुक्यातून हललाच नव्हता. त्या उत्तराच्या झेरॉक्स काढून वस्तीवरच्या बाया त्या क्षेत्रीय कार्यालयात गेल्या. कुणी घोषणा दिल्या नाहीत. त्यांनी फक्त तो कागद टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले. पुढच्या गुरुवारी शाखा अभियंता टेप घेऊन ओढ्यावर आला.

पूल अजून झालेला नाही. अंदाजपत्रक वर गेले आहे म्हणतात. या पावसाळ्यातही फरशीवरून दोनदा पाणी गेले. पुढच्या अधिवेशनासाठीचा प्रश्न आम्ही लिहून दिला आहे, या वेळी तालुक्यातल्या अकरा फरशी पुलांची नावे घालून. शेवटच्या उपप्रश्नाचे शब्द नेहमीचेच ठेवले आहेत.